भाजक्या मटणाच्या मांडीसाठी कोरडा मसाला

कोल्हापुरात घरोघरी कांदा-लसणाच्या चटणीची बरणी असते. मटण कसंही करायचं असलं तरी हात आधी त्या बरणीकडंच जातो. तांबड्या रश्श्याला ती हवीच, सुक्क्याला हवी, आमटीलाही चालते. पण अख्खी मांडी ओव्हनमध्ये किंवा निखाऱ्यावर भाजायची असेल तर ही चटणी वापरू नये. अर्ध्या तासात वरचा थर काळा पडतो, आत मटण कच्चंच असतं, आणि पहिल्या घासाला कडवट चव येते. तापमान जास्त झालं असेल असं समजून पुढच्या वेळी लोक ओव्हन मंद करतात, तरी कडूपणा जात नाही. कारण दोष चटणीच्या घडणीतच आहे.

आपल्या चटणीत तेलात तळलेलं सुकं खोबरं असतं, तीळ असतात, बऱ्याच घरांत खसखस असते, शिवाय ओला कांदा, ओला लसूण, आलं, कोथिंबीर. ही सगळी मंडळी रश्श्यासाठी उत्तम. रश्श्यात मसाला तेलावर मिनिट-दोन मिनिटं परतला की पुढचा सगळा वेळ पाण्यात असतो, आणि पाणी उकळत असेपर्यंत त्याचं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. म्हणून रश्श्याचा मसाला आधीच चांगला खमंग भाजून ठेवावा लागतो, पातेल्यात तो आणखी भाजला जाणार नसतो. ओव्हनमध्ये उलटं होतं. मांसाच्या पृष्ठभागावरचं पाणी उडालं की तिथलं तापमान १०० ओलांडून १४०-१५० अंशांपर्यंत चढतं आणि मसाला दुसऱ्यांदा भाजला जातो. आधीच खमंग भाजलेली मिरची आणि तळलेलं खोबरं दुसऱ्यांदा भाजलं की करपतंच.

तेव्हा भाजायच्या मटणाच्या मसाल्याचा पहिला नियम असा : मसाला निम्माच भाजायचा, उरलेलं भाजणं मटणावर होऊ द्यायचं. दुसरा नियम : त्यात ओलं काही नको आणि तेलकट काही नको. तिसरा : मीठ मसाल्यात मिसळायचं नाही, ते वेगळं, वजनानं, आदल्या रात्री लावायचं. खाली जे काही लिहिलंय ते या तीन नियमांचाच तपशील आहे.

मिरच्या

दोन मिरच्या लागतात, एक रंगाला आणि एक तिखटाला. रंगाला ब्याडगी. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातलं ब्याडगी हे हिचं गाव, आणि २०११ पासून या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. दुकानात हिचे दोन प्रकार मिळतात. डब्बी आखूड, फुगीर आणि गर्द रंगाची असते. कड्डी लांब, सडपातळ, सुरकुतलेली असते आणि तिच्यात बी कमी असतं. या मसाल्याला डब्बी मिळाली तर बघावी, नाहीतर कड्डीनं काही अडत नाही.

तिखटाला संकेश्वरी. जवारी (देशी वाणाची) संकेश्वरी घ्यायची तर गडहिंग्लजच्या बाजाराचा माल आपल्याला जवळचा. ही बारीक, लांब आणि झणझणीत असते. ब्याडगीच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त घालू नये. रश्श्यात तिखट पातेलंभर पाण्यात वाटलं जातं, भाजलेल्या मांडीवर मात्र ते सगळं वरच्या पातळ थरात एकवटलेलं असतं. जिभेला सर्वांत आधी तोच थर लागतो. लवंगी मिरची इथं नको.

मिरची हातात घेऊन वाकवून बघा. कडकन मोडली तर वाळलेली आहे. वाकून तशीच राहिली तर दोन दिवस उन्हात टाका. दमट मिरची मिक्सरमध्ये बारीक होत नाही, तिच्या सालाचे तुकडे राहतात, आणि तेच तुकडे ओव्हनमध्ये सर्वांत आधी काळे होतात. देठ काढायचेच. बी निम्मं झाडून टाकायचं. बियांना रंग जवळजवळ नसतो, भाजल्यावर त्या कडवट होतात आणि मसाल्यात रवाळ लागतात. झाडताना नाकाला फडकं बांधा आणि पंखा बंद ठेवा.

प्रमाण

खालचं माप साधारण २०० ग्रॅम तयार मसाल्याचं आहे. एका किलो मटणाला ३० ग्रॅम मसाला लागतो, म्हणजे दोन किलोच्या तीन मांड्यांना हा पुरतो. वजनं काट्यावरच करावीत. जायपत्री आणि लवंगेत दोन ग्रॅमचा फरकही कळतो, त्यामुळे ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घरात असला तर बरं.

ब्याडगी मिरची ६० ग्रॅम आणि संकेश्वरी १५ ग्रॅम, दोन्ही देठ काढून, बी झाडून तोललेल्या.

धने ४० ग्रॅम, काळे मिरे १५, जिरे १२, बडीशेप ८, पिवळी मोहरी ८, शहाजिरे ३.

दालचिनी ३ ग्रॅम, लवंग २ ग्रॅम, दगडफूल ३ ग्रॅम, मसाला वेलदोडे म्हणजे मोठी काळी वेलची तीन (फक्त आतले दाणे), जायपत्री दीड ग्रॅम, चक्रीफूल एक.

लसूण पावडर २० ग्रॅम, कांदा पावडर १५ ग्रॅम, सुंठ पावडर ५ ग्रॅम, हळद ५ ग्रॅम.

गूळ पावडर वेगळी ठेवायची. ती कधी आणि किती घालायची ते पुढं येईल.

या यादीत काय नाही तेही बघून घ्या. खोबरं नाही, कारण सुक्या खोबऱ्यात निम्म्याहून जास्त तेलच असतं. दळल्यावर त्याचा गोळा होतो आणि महिन्याभरात त्याला खवट वास येऊ लागतो. तीळ आणि खसखस याच कारणासाठी नाहीत. मेथी नाही, कारण दुसऱ्या भाजणीत तिचा कडूपणा दुप्पट होतो. आमचूर किंवा आंबटपणाचं दुसरं काही नाही. लिंबू वाढताना पिळावं. आंबट पदार्थ रात्रभर मटणावर राहिला तर पृष्ठभाग पिठूळ होतो, आणि पिठूळ मटणाला खरपूस कवच येत नाही.

मसाला वेलदोड्याबद्दल एवढं सांगायला हवं, की हा वेलदोडा धुरावर वाळवतात, म्हणून त्याला मूळचाच धुराचा वास असतो. विजेच्या ओव्हनमध्ये भाजलेल्या मटणात निखाऱ्याची जी उणीव राहते ती तीन वेलदोडे बरीचशी भरून काढतात. पाच घातले तर मात्र कापरासारखा वास येतो आणि बाकी सगळं झाकलं जातं. साल रश्श्यासाठी ठेवून द्या, मसाल्यात ते धागेधागे होतं.

दगडफूल निवडायला वेळ द्यावा. त्याला खालून झाडाची साल, माती, बारीक खडे चिकटलेले असतात. एकेक पापुद्रा बोटांनी उलगडून, झाडून घ्यायचा. धुवायचं नाही. कोरड्या मसाल्यात दाताखाली खर आली तर दहातल्या नऊ वेळा ती दगडफुलाची असते.

कांदा-लसणाची पावडर

ओला कांदा-लसूण चालत नाही म्हटल्यावर पावडर आलीच. बाजारात सुकवलेले काप आणि तयार पावडर दोन्ही मिळतात. जळगावात आणि गुजरातेत महुव्याला कांदा-लसूण सुकवण्याचे मोठे कारखाने आहेत. काप आणून घरी दळले तर वास जास्त ताजा राहतो. तयार पावडर घेतलीत तर बरणी हलवून बघा. गठ्ठे दिसले तर ती ओल धरून बसलेली आहे, घेऊ नका.

घरी करायची असेल तर एप्रिल-मे हेच दिवस. लसूण सोलून पातळ चकत्या करा, सुती कापडावर एकेरी पसरा आणि वरून जाळीचं कापड टाका. तीन-चार दिवसांच्या कडक उन्हात चकती तुटताना आवाज येईल इतकी वाळते. रोज संध्याकाळी आत घ्या, नाहीतर रात्रीच्या दमट हवेत ती परत नरम पडते. सोललेला लसूण वाळल्यावर वजनानं साधारण तिसरा हिस्सा उरतो, कांदा मात्र आठवा-दहावा हिस्साच. म्हणजे १५ ग्रॅम कांदा पावडरीला १२० ते १५० ग्रॅम सोललेला कांदा धरून चाला. कांदा लवकर तपकिरी होतो. थोडी तपकिरी छटा चालते, काळपट झाला तर टाकून द्या.

निम्मी भाजणी

जाड बुडाची कढई किंवा लोखंडी तवा, आच अगदी मंद, आणि तेलाचा थेंबही नाही. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. धने आणि जिरे एकत्र टाकले की जिरे आधी होतात आणि धने व्हायची वाट बघताना करपतात.

धन्यांना तीन-चार मिनिटं लागतात. रंग जेमतेम एक छटा गडद होतो आणि हिरवट कच्चा वास जाऊन गोडसर वास येतो. तिथं थांबायचं. रश्श्यासाठी आपण याच्या पुढं, बदामी होईपर्यंत जातो. इथं तो मोह टाळायचा. जिरे दीड मिनिट, बडीशेप एक मिनिट, मोहरी पहिली तडतडली की लगेच खाली. मिरे, लवंग, दालचिनी, चक्रीफूल आणि वेलदोड्याचे दाणे नुसते कोमट व्हावेत एवढंच. त्यांना भाजायचं नसतं, फक्त त्यांच्यातली ओल उडवायची असते. शहाजिरे, जायपत्री आणि दगडफूल गॅस बंद केल्यावर गरम कढईत टाकून हलवायचे. दगडफुलाचा वास या उष्णतेतही उठतो.

मिरच्या उन्हात कडकडीत वाळल्या असतील तर भाजूच नका. पावसाळ्यात ऊन नसेल तर मंद तव्यावर हातानं उलटसुलट करत दोन मिनिटं. मिरचीचा वास नाकात भरायला लागला, ठसका लागेलसं वाटलं, की आच जास्त आहे. काळा डाग पडलेली मिरची बाजूला काढा. चार डागाळलेल्या मिरच्या सगळा मसाला कडू करायला पुरतात. त्या रश्श्यात टाका, तिथं चालतील.

हळद, सुंठ, कांदा आणि लसूण पावडर भाजायची नाही.

सगळं परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या, निदान अर्धा तास. मसाला गरम असतानाच दळला की त्याची वाफ भांड्याच्या झाकणावर थेंब धरते, आणि ते थेंब मसाल्यात पडले की गठ्ठ्यांची सुरुवात तिथूनच होते.

दळण

चटणीच्या हंगामात डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर, रांगा असतात, आणि वर्षाच्या चटणीला डंकच बरा. कुटताना मसाला फार तापत नाही, त्यामुळे वास टिकतो. पण २०० ग्रॅमसाठी डंक उपयोगाचा नाही. एवढा माल त्यात चिकटूनच जातो, शिवाय आधीच्याच्या चटणीतलं तेल आणि खोबरं आपल्या कोरड्या मसाल्यात येतं. मिक्सरचं छोटं भांडं धुऊन, उन्हात वाळवून घ्यायचं.

आधी दालचिनी, चक्रीफूल, लवंग, वेलदोडे, जायपत्री आणि दगडफूल एकदम फिरवायचं आणि बारीक चाळणीनं चाळायचं. हे जिन्नस बारीकच हवेत. लवंगेचा कण दाताखाली आला की तो घास लवंगेचाच होतो. मग मिरच्या वेगळ्या, चार वेळा थोडं थोडं थांबून. दहा सेकंद फिरवायचं, मग भांड्याला हात लावून बघायचं. बाहेरून गरम लागलं तर पाच मिनिटं थांबायचं. सलग मिनिटभर फिरवलं तर मिरचीचा रंग विटकरी होतो आणि तो परत येत नाही.

धने, मिरे, जिरे, बडीशेप आणि मोहरी शेवटी, बारीक रव्याएवढी भरड. ही भरड मुद्दाम ठेवायची. सगळा मसाला पिठासारखा बारीक केला तर मटणावरच्या ओलीत त्याचा चिखल होतो. हवा आत जाऊ न देणारा थर बसतो, तो वाफेत शिजतो आणि नंतर सालासारखा सुटून येतो. भरड असेल तर कणांच्या मधून वाफ निघून जाते आणि पृष्ठभाग कोरडा होऊन भाजला जातो. उलट रव्यापेक्षा जाड ठेवलं तर धन्याची फोलपटं दातात अडकतात.

सगळं परातीत घेऊन कोरड्या हातानं चोळून एकजीव करा, पावडरी मिसळा, पुन्हा एकदा पुरणाच्या चाळणीतून काढा. काचेच्या बरणीत भरा, वर हिंगाचा एक खडा ठेवा, बरणी अंधारात ठेवा. दोन महिने हा मसाला ऐन चवीत राहतो. त्यानंतर खराब होत नाही, पण जिऱ्याचा आणि धन्याचा वास आधी उतरतो आणि नुसती मिरची आणि लवंग उरते. मे महिन्यात केलेला मसाला आखाडात वापरताना चमचा कोरडाच हवा. त्या दिवसांतली हवा बरणी दोन मिनिटं उघडी राहिली तरी ओल सोडते. म्हणूनच यात मीठ आणि गूळ आधी घालायचा नाही. दोघंही हवेतलं पाणी ओढून घेतात.

मांडी आणि मीठ

दुकानात मागची मांडी अख्खी मागा, दीड ते दोन किलोची. याहून मोठी मांडी मोठ्या बोकडाची असते. ती भाजून मऊ व्हायला फार वेळ लागतो, तेवढ्यात बाहेरचा थर वाळून जातो. पालव्याची, म्हणजे कोवळ्या बोकडाची, मिळाली तर वेळ निम्म्यानं वाचतो. नळीचं टोक तसंच ठेवायला सांगा, धरायला उपयोगी पडतं. वरचा पातळ चिवट पापुद्रा काढून घ्या, मसाला त्यावर धरत नाही. चरबीचा थर असेल तर मात्र तो ठेवा. बोकडाच्या मांडीला चरबी तशीच कमी असते.

मांडी धुतली असेल तर स्वच्छ कापडानं टिपून पूर्ण कोरडी करा. मग मीठ : हाडासकट वजनाच्या दर किलोला १२ ग्रॅम. दोन किलोच्या मांडीला २४ ग्रॅम, म्हणजे साध्या बारीक मिठाचे सपाट चार लहान चमचे. खडे मीठ कुटून घेणार असाल तर चमच्यावर जाऊ नका, वजनच करा. त्याच्या कणांमध्ये पोकळी जास्त असते, चमचाभर मिठाचं वजन कमी भरतं.

मीठ सगळीकडं चोळून मांडी जाळीवर ठेवायची, खाली ताट, आणि फ्रिजमध्ये १२ ते १८ तास उघडीच. फ्रिजमध्ये दुसरं काही उघडं असेल तर ते झाका. मीठ लावल्यावर पंधरा-वीस मिनिटांत मांसातून पाणी सुटतं, मीठ त्यात विरघळतं, आणि पुढच्या काही तासांत ते खारं पाणी परत आत मुरतं. मिठामुळं मांसातली प्रथिनं थोडी सैल होतात आणि भाजताना पाणी धरून ठेवतात. म्हणून मीठ लावून अर्ध्या तासात ओव्हनमध्ये घालणं ही सर्वांत वाईट वेळ. पाणी बाहेर आलेलं असतं आणि आत गेलेलं नसतं. रात्रभर वेळ नसेल तर मग अगदी भाजायच्या क्षणी मीठ लावलेलं बरं.

सकाळी पृष्ठभाग कोरडा आणि किंचित चिकट लागतो. मसाला धरायला हवा तो हाच. मसाला रात्रीच मिठाबरोबर का लावत नाही, असं कोणी विचारेल. मीठ खोलवर जातं, पण मसाल्याचा स्वाद काही मिलिमीटरपलीकडं जात नाही, रात्रभर ठेवला तरी. उलट तो सुटलेल्या पाण्यात भिजतो आणि लसूण पावडरीला उग्र वास येतो.

दोन हप्त्यांत मसाला

विलायती रोस्ट बीफला मसाला एकदाच लावतात. तिथं पाठीकडचा कोवळा तुकडा घेतात, आत ५५ ते ६० अंश झाले की काढतात, आणि मांस आतून गुलाबी असतं. मीठ, मिरे, मोहरीची पूड, थोडा लसूण एवढंच पुरतं. आपल्याकडं मटण हाडावरून सुटावं अशी अपेक्षा असते. त्यासाठी आत ९० अंशांच्या आसपास तापमान यावं लागतं. ७० अंशांपुढं मांसातले चिवट धागे हळूहळू विरघळायला लागतात, आणि त्याला दोन-अडीच तास लागतात. एवढा वेळ सगळा मसाला उघड्या आचेवर टिकत नाही. म्हणून तो दोन हप्त्यांत लावायचा.

दोन किलोच्या मांडीला एकूण ६० ग्रॅम मसाला. मांडी फ्रिजमधून तासभर आधी बाहेर काढा. जाड भागावर बोटाच्या पेराच्या निम्म्या खोलीच्या चार-पाच चिरा द्या, याहून खोल नाही, कारण प्रत्येक चिरेतून रस वाहून जातो. चार लहान चमचे शेंगतेल सगळीकडं लावा. मिरचीचा लाल रंग आणि तिखटपणा तेलातच उतरतो, पाण्यात नाही. तेल लावल्याशिवाय मसाला शेवटपर्यंत कोरड्या भुकटीसारखा राहतो. त्यावर ४० ग्रॅम मसाला चोळा, चिरांत दाबून भरा.

ओव्हन १६० अंश, वरची-खालची दोन्ही कांडी चालू, मांडी जाळीवर, जाळीखालच्या ट्रेमध्ये अर्धी वाटी पाणी. पाणी मांडीला लागता कामा नये. वरून फॉइल घट्ट लावा, पण मांडीला चिकटू देऊ नका, नाहीतर काढताना मसाला फॉइलबरोबर येतो. दोन तासांनी सळई खुपसून बघा. जाड भागात ती अडखळत नसेल आणि नळीजवळचं मांस वर सरकून हाड उघडं पडलं असेल, तर झालं. काट्याचा थर्मामीटर असेल तर ८८ ते ९२ अंश, हाडाला टेकवू नका. जून मटणाला आणखी अर्धा-पाऊण तास द्यावा लागतो. यात घाई केली तर पुढं कितीही भाजा, मांस चिवटच राहतं.

आता उरलेल्या २० ग्रॅम मसाल्यात १५ ग्रॅम गुळाची पावडर आणि दोन लहान चमचे तेल मिसळा. गूळ कोल्हापुरीच, पिवळा आणि कडक, किसून हातानं मोकळा केलेला. गुळात साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतं. फ्रुक्टोज साखरेच्या बरंच आधी तांबूस होतं, त्यामुळं गूळ लवकर रंग धरतो आणि लवकर जळतोही. पहिल्या हप्त्यात तो घातला तर दोन तासांत कोळसा होईल, शेवटच्या पंधरा मिनिटांत मात्र त्याच्यामुळंच मांडीला तांबडं, चकचकीत, किंचित कुरकुरीत कवच येतं.

फॉइल काढा, मांडीवर सुटलेलं पाणी कागदानं हलकेच टिपा, हा दुसरा हप्ता थापा, आणि २०० अंशांवर १५ ते २० मिनिटं. दहाव्या मिनिटापासून ओव्हनसमोरून हलू नका. कवच गर्द तांबडं झालं आणि कडांना तपकिरी छटा आली की बाहेर. सगळं तपकिरी व्हायची वाट बघाल तर कडा काळ्या होतील. बाहेर काढल्यावर वीस मिनिटं तशीच राहू द्या. वरून फॉइल झाकू नका, कवच परत मऊ पडतं.

ओव्हन नसेल तर कुकर चालतो. पहिला हप्ता लावलेल्या मांडीचे दोन-तीन मोठे तुकडे, तळाला वाटीभर पाणी, तुकडे जाळीवर उंच ठेवून मंद आचेवर २५ ते ३० मिनिटं. कुकर आपोआप उतरू द्या. तुकडे पंख्याखाली दहा मिनिटं वाळवा आणि दुसरा हप्ता लावून लोखंडी तव्यावर एकेक बाजू दोन मिनिटं. तवा धुरावण्याच्या आत तुकडे टाका, धूर निघाल्यावर टाकले तर गूळ लगेच जळतो. निखाऱ्यावर करणार असाल तर निखारे एका बाजूला आणि मटण दुसऱ्या बाजूला ठेवा. ठिबकणाऱ्या चरबीनं ज्वाळ उठली की मिरची क्षणात काळी होते.

बिघाड ओळखताना

कडू लागलं आणि रंगही काळा असेल तर कारण सरळ आहे : आच किंवा गूळ. रंग चांगला असूनही कडू लागलं तर मसाला तपासा. चिमूटभर मसाला नुसता जिभेवर ठेवा. तो कडू असेल तर भाजणीत एखादा जिन्नस जास्त गेला आहे, बहुतेक वेळा मिरची किंवा जिरे. त्यावर उपाय नाही. गूळ वाढवून कडूपणा झाकला जात नाही, उलट जळतो.

मसाला कापताना सालासारखा सुटला तर मांडी ओली होती किंवा थर जाड झाला. ३० ग्रॅमचं माप मोडून जास्त लावायचा मोह इथं अंगाशी येतो. मसाल्याला कच्च्या धन्याचा वास येत असेल तर दुसऱ्या हप्त्यात मसाला जास्त राहिला आणि त्याला भाजायला वेळ मिळाला नाही. पुढच्या वेळी पहिल्यात ४५ आणि दुसऱ्यात १५ ग्रॅम करून बघा. रंग फिका आला तर ब्याडगी जुनी आहे. जुनी मिरची बाहेरून लाल दिसली तरी फोडल्यावर आतून पिवळट असते. खारट झालं तर ट्रेमधल्या रसात मीठ घालू नका, त्यात आधीच उतरलेलं असतं. तो रस गाळून, वरची चरबी काढून, भाकरीबरोबर तसाच घ्यावा.

मोठ्याच्या मटणाला

महाराष्ट्रात गाईच्या, आणि २०१५ पासून बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आहे. म्हशीचं मांस मिळतं, आणि रोस्ट बीफची मूळ कृती आपल्याकडं करायची तर ते याच मांसावर. हा मसाला त्याला थोडा बदलून लावावा. म्हशीच्या मांसाचा स्वतःचा वास ठळक असतो. त्यापुढं दगडफूल आणि जायपत्री फिकी पडतात, मिरे आणि मोहरी उभी राहते. वरच्या मापात मिरे २५ ग्रॅम आणि मोहरी १५ ग्रॅम करा, संकेश्वरी १० वर आणा, चक्रीफूल काढून टाका.

दीड किलोचा बिनहाडाचा एकसंध तुकडा घ्या. दोन-दोन बोटांच्या अंतरावर सुती दोऱ्यानं बांधा म्हणजे सगळीकडं सारखी जाडी राहते. हाड नसल्यामुळं मीठ किलोला १४ ग्रॅम, आणि तुकडा जाड असल्यानं पूर्ण २४ तास. चिरा द्यायच्या नाहीत. फॉइलखालचा वेळ तीन तास धरा. चरबी कमी असल्यानं ट्रेमधलं पाणी आटू देऊ नका, तासातासाला बघून गरम पाणी घाला. दुसरा हप्ता तसाच, गूळ मात्र १० ग्रॅम. बाहेर काढल्यावर अर्धा तास थांबा, दोरा सोडा, आणि धागे ज्या दिशेला जातात त्याच्या आडवे काप काढा. धाग्यांच्या दिशेनं कापलं तर नीट शिजलेलं मांसही चिवट लागतं. पातळ काप हवे असतील तर तुकडा पूर्ण गार करून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी कापा. गरम असताना पातळ काप निघत नाहीत, मांस धाग्याधाग्यानं तुटतं.